पोस्टरवरचं नाव

ओरेस्ट स्क्रिप्निक तसा शहाणा माणूस. गव्हाची कापणी कधी सुरू करावी, शेजाऱ्याशी कुठल्या विषयावर बोलू नये, बायको गप्प झाली की आपणही का गप्प व्हावं, हे सगळं त्याला बरोबर कळायचं. फक्त बर्फावरच्या हॉकीचा विषय निघाला की त्याची अक्कल चरायला जायची.

त्या वर्षी तर तो जूनपासूनच गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. वेर्बा गावच्या रिंकची, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाची, जी समिती होती तिचा तो अध्यक्ष. समितीत कुणाला न विचारता त्याने स्टॅलियन्स क्लबला फोन लावला आणि सांगून टाकलं, की दुसऱ्या कुठल्याही क्लबशी तुमचा हंगामाआधीचा एक सराव सामना आमच्याकडे खेळा, बर्फ आम्ही महिनाभर आधी घालतो, जेवणही आमचं. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गव्हाच्या पट्ट्यातल्या एवढ्याशा गावात मोठ्या ज्युनिअर लीगचा क्लब कशाला खेळायला येईल? पण क्लबवाले लगेच हो म्हणाले. त्यांना रिंकशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना ओरेस्टचा मुलगा हवा होता.

रोमन त्याचा एकुलता एक. सोळा पूर्ण, उंच, किडकिडीत, बचावफळीत खेळणारा आणि बोलायला महाकंजूष. तो चौदाचा असतानाच स्टॅलियन्सनी त्याला आपल्या यादीत घालून ठेवलं होतं. पोस्टर छापून आलं तेव्हा क्लबचं नाव मधोमध होतं आणि त्याच्या वर, त्याहून मोठ्या अक्षरांत, ‘आपला रोमन स्क्रिप्निक’. ही अक्षरं ओरेस्टनेच मोठी करून घेतली होती. मग ते पोस्टर पेट्रोल पंपावर लागलं, पोस्टात लागलं, चर्चच्या दारावर लागलं. फादरनी सुद्धा काढायला सांगितलं नाही.

आता खरी गोम कुठे होती ते सांगायला हवं. रोमनपुढे दोन वाटा होत्या. एक ज्युनिअरची. सोळाव्या वर्षी घर सोडायचं, परक्या शहरात परक्या कुटुंबाकडे राहायचं, हिवाळाभर बसने हिंडत सत्तरेक सामने खेळायचे आणि जमलं तर शाळा करायची. व्यावसायिक खेळाडू बहुतेक याच वाटेने वर जायचे. दुसरी वाट अमेरिकेतल्या कॉलेजची. दोन-तीन वर्षं जवळपासच्या लहान लीगमध्ये खेळायचं, शाळा संपवायची आणि मग शिष्यवृत्तीवर जायचं. तिथे सामने कमी, सराव जास्त, आणि हाती पदवी. दोन्ही वाटा चांगल्या, पण एकीवर पाय ठेवला की दुसरी संपली. ज्युनिअरच्या पोरांना हातखर्चाला थोडे पैसे मिळत, म्हणून अमेरिकन कॉलेजं त्यांना व्यावसायिक धरत. क्लबचा शर्ट घालून एक सामना खेळला, मग तो नुसता सराव सामना का असेना, तरी कॉलेजचं दार बंद. त्या काळी नियमच तसा होता.

ओरेस्टला हा नियम माहीत नव्हता असं नाही. चांगला पाठ होता. पण मनातल्या मनात त्याने ठरवून टाकलं होतं, की मुलगा आपल्याच गावात, आपल्याच बर्फावर, आपल्याच माणसांपुढे तो शर्ट घालून उतरला की घरातला वाद आपोआप मिटेल. पाण्यात पडलं की पोहता येतं, असा साधा हिशेब.

घरातला वाद म्हणजे बायको, ग्वेन. ती शाळेची बस चालवायची आणि तिला ज्युनिअर हॉकी आतून माहीत होती. ओरेस्ट स्वतः तरुणपणी दोन हंगाम ज्युनिअर खेळला होता आणि ज्या परक्या कुटुंबाकडे क्लबने त्याला ठेवलं होतं, त्या घरची ही मुलगी. गुडघा गेला, हॉकी संपली, आणि ओरेस्ट बायको घेऊन शेतावर परत आला. वाद झाला की तो हेच हत्यार काढायचा. ज्युनिअर नसती तर तू कुठली भेटायला, म्हणायचा. यावर ती शांतपणे सांगायची, की आमच्या घरात तुझ्या आधी सहा पोरं राहून गेली आणि तुझ्यानंतर चार. नाताळच्या सुट्टीत, तुला दुसरीकडे दिलंय, असा क्लबचा फोन यायचा, पोरगा आपले कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरायचा, माझी आई त्याला वाटेसाठी सँडविच बांधून द्यायची आणि संध्याकाळी पलंगावरची चादर बदलायची. दुसरा येणार असायचा. तुला मी दिसले, म्हणायची, मला ती चादर दिसते.

सामन्याचं कळलं तेव्हा मात्र ती भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, “त्याला विचारलंस?”

“विचारलं की.”

“मग काय म्हणाला?”

“नाही म्हणाला नाही,” ओरेस्ट म्हणाला आणि ट्रॅक्टरला तेल घालायचं निमित्त करून बाहेर सटकला.

सप्टेंबरातला तो शनिवार उजाडला तो चांगलाच उबदार. गहू वाळला होता, आकाश निरभ्र होतं, अशा दिवशी वेर्बाचा शेतकरी कापणी सोडून मयतीलाही जात नाही. पण त्या दिवशी दुपारनंतर यंत्रं शेतातच उभी राहिली आणि सगळं गाव रिंककडे लोटलं. बाहेर ऊन आणि आत बर्फ, त्यामुळे बर्फावर कमरेएवढं धुकं साचलं होतं. समितीने गावातल्या पोरांना स्केट घालून नुसतं गोल गोल पळायला सोडलं होतं. पोरं पळाली की धुकं विरायचं, थांबली की पुन्हा साचायचं. पोरांची चंगळ झाली होती.

समोरच्या क्लबची बस आली आणि तिच्या मागोमाग स्टॅलियन्सची. स्टॅलियन्सच्या बसमधून बॉयड उतरला. हा क्लबचा सहाय्यक प्रशिक्षक, पन्नाशीचा, नाक दोनदा मोडलेला, स्वभावाने सरळ. त्याने ओरेस्टला खेळाडूंच्या खोलीत नेलं. कोपऱ्यातल्या खुंटीवर एक शर्ट होता, निळा, नवा कोरा, आणि पाठीवर त्यांचं आडनाव शिवलेलं. ओरेस्टने अक्षरांवरून बोट फिरवलं. त्याच्या वेळी क्लब सराव सामन्याला नावं शिवत नसे, नुसता आकडा. मग तो बॉयडला बर्फाच्या धुक्याबद्दल काहीतरी सांगत बसला.

मग जेवण. शेजारच्या सभागृहात लांब टेबलं मांडली होती. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, पेरोग्या म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, तळलेला कांदा, आंबट साय, बीटचं सार. बॉयडने आपल्या पोरांना सामन्याआधी फक्त उकडलेला पास्ता द्यायला सांगितला होता, तेव्हा स्वयंपाकघराची मालकीण स्टेफा काकू त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू त्याने तिला शिवीच दिली. त्याची शिक्षा म्हणून तिने त्याच्या एकट्याच्या ताटात दोघांचं जेवण वाढलं आणि तो संपवेपर्यंत शेजारी उभी राहिली.

रोमन गावच्या माणसांबरोबर बसला होता. येणारा जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारत होता. आज दाखव रे, कुणी म्हणे. आज तुझ्यासाठी कापणी सोडून आलोय, कुणी म्हणे. तो मान हलवत होता आणि काट्याने पेरोगी ताटभर फिरवत होता. ओरेस्ट समोरच्याच टेबलावर होता. मुलगा घाबरलाय, सामन्याआधी असंच होतं, असं तो शेजाऱ्याला अभिमानाने सांगत होता.

तेवढ्यात स्टेफा काकू मोठा डाव घेऊन रोमनपाशी आली. “अजून दोन घे की रे. काटकी झालीय नुसती.”

“बघू, काकू,” रोमन म्हणाला.

काकूने डाव तसाच मागे घेतला आणि पुढच्या ताटाकडे वळली.

यात विशेष काही नव्हतं. वेर्बामध्ये कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही, ते उद्धट समजलं जातं. शेजारी तुमचं कापणीचं यंत्र मागायला आला तर तुम्ही ‘बघू’ म्हणता. तो मान डोलावतो, हवापाण्याच्या चार गोष्टी बोलतो आणि दुसरीकडे विचारायला जातो. मुलगी मागणाऱ्याला बाप ‘बघू’ म्हणाला, की मुलगा महिन्याभरात दुसरी बघतो. ओरेस्टच्या बापाने आयुष्यात ‘नाही’ हा शब्द उच्चारला नव्हता, आणि तरी गावातला एकही माणूस त्याला फसवू शकला नव्हता. पाळण्यातल्या पोरालाही ही रीत कळते.

ओरेस्टचा काटा हवेतच राहिला. जूनमध्ये त्याने रोमनला गोठ्यात गाठून विचारलं होतं, की स्टॅलियन्स इकडे आले तर खेळशील ना? रोमन म्हणाला होता, बघू. पोस्टर दाखवलं तेव्हा म्हणाला होता, बघू. ऑगस्टमध्ये क्लबच्या शिबिरात, कॉलेजच्या नियमाला चालतात तेवढे दोनच दिवस राहून, तो बस पकडून परत आला होता. पुढचं काय, असं ओरेस्टने गाडीत विचारलं, तेव्हाही खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, बघू, बाबा. पोर तीन महिने स्पष्ट नाही म्हणत होतं. अख्ख्या गावात ते न कळलेला माणूस एकच, आणि तो त्याचा बाप.

बरं, पोरगं आज खेळणार होतं, यात ओरेस्टला शंका नव्हती. इतक्या माणसांचा हिरमोड करायची त्याची छातीच नव्हती. तो शर्ट घालून उतरला असता, चांगला खेळला असता, आणि त्याचं पुढचं आयुष्य कोबीच्या भाताच्या जेवणाखातर ठरून गेलं असतं. ओरेस्टला स्वतःचा इतका राग आला, की कान गरम झाले.

तो उठला आणि रोमनला खुणेने मागे, भांड्यांच्या खोलीत बोलावलं. रोमन आला आणि पातेल्यांच्या उतरंडीला टेकून उभा राहिला.

“तुला आज खेळायचं नाहीये,” ओरेस्ट म्हणाला.

रोमन बुटांकडे बघत राहिला. “खेळेन की. एवढी माणसं आलीयत.”

“माणसांचं सोड. माणसं मी बोलावलीत, माणसांचं मी बघतो. तुला खेळायचंय का नाही, ते सांग. आणि बघू म्हणशील तर याद राख.”

पोराने उतरंडीतलं एक पातेलं उगाच सरळ केलं. मग तो म्हणाला, “नाही.” एकच शब्द, तोही पुटपुटत. म्हणून झाल्यावर त्याने असा श्वास सोडला, की ओरेस्टला त्याच्याकडे बघवेना.

ग्वेन दारात कधी येऊन उभी राहिली होती, कोण जाणे. नवऱ्याच्या शर्टावर साय सांडली होती, ती तिने भांडी पुसायच्या फडक्याने पुसली आणि त्याला सभागृहाच्या दिशेने ढकललं.

आधी बॉयडला सांगायला हवं होतं. ओरेस्टने त्याला बाहेर बसपाशी गाठलं. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की मुलगा आज खेळणार नाही, चूक माझी आहे, तुमची एवढी माणसं घेऊन आलात, मला माफ करा. बॉयडने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

“मला तो हवाय,” तो म्हणाला. “मी माझं काम करणार, पुढच्या वर्षीही फोन करणार. पण एक सांगतो, आमचं दार विसाव्या वर्षापर्यंत उघडं आहे. बंद होणारं दार तिकडचं आहे. माझा मुलगा असता तर मीही त्याला आज उतरवला नसता.”

“मग आधी का नाही बोललात?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर फोनवर जेवणाचे पदार्थ सांगत होतात.”

ओरेस्ट आत गेला, माईक हातात घेतला, माईक दोनदा किंचाळला, मग सगळं सभागृह वळून बघायला लागलं. समितीच्या बैठका सोडल्या तर त्याने कधी भाषण केलं नव्हतं. त्याने सांगितलं, की पोस्टरवर रोमनचं नाव आहे, पण रोमन आज खेळणार नाही. तो आज उतरला तर कॉलेजची वाट कायमची बंद होते, आणि ती वाट बंद करायची का नाही हे त्याने ठरवायचं आहे, मी नाही. त्याचं नाव पोस्टरवर मी घातलं, त्याला न विचारता. ज्याला तिकिटाचे पैसे परत हवेत त्याने माझ्याकडे यावं.

ओरेस्टला वाटलं, आता जमीन दुभंगावी. मग मागच्या टेबलावरून म्हातारा मायरोन उठला. गावच्या प्रत्येक कार्यक्रमात खुसपट काढणं हे त्याने आपलं कर्तव्य मानलेलं. माझे दे बाबा परत, म्हणाला, मी गहू सोडून आलोय.

“जेवलास ना?” स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्टेफा काकूने विचारलं. “तीनदा वाढून घेतलंस. मग खाली बस.”

सगळे हसले. मायरोनही हसला आणि बसला. पुढे बाकीचं गावानेच निस्तरलं. कुणीतरी म्हणालं, पोराला खेळता येत नसेल तर सामन्याच्या सुरुवातीला चकती टाकायला काय हरकत आहे? साध्या बुटांत चकती टाकली म्हणून कुठलं कॉलेज रागावणार आहे? बॉयडने विचार केला आणि हरकत नाही म्हणाला. मग रोमन सदऱ्यावर, साध्या बुटांत, घसरत घसरत बर्फाच्या मधोमध गेला. धुकं त्याच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. त्याने दोन कर्णधारांमध्ये, या खेळात चेंडूऐवजी असते ती रबराची चकती टाकली आणि परत येताना सपशेल आडवा झाला. वेर्बाच्या रिंकवर इतक्या टाळ्या कुणाच्या गोललाही पडल्या नव्हत्या.

ग्वेन भांडी आवरायला सभागृहात राहिली. ओरेस्ट वरच्या बाकावर जाऊन बसला. सूर्यफुलाच्या बियांची पिशवी त्याच्या खिशात होती, ती त्याने उघडली. थोड्या वेळाने रोमन आला, ओली विजार झटकत, आणि त्याच्या शेजारी बसला. ओरेस्टला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय हे कळायला वेळ लागला. पोराला चालता येण्याआधी त्याने त्याला स्केट घातले होते. तेव्हापासून आजवर त्याने रिंकभोवतीच्या काचेपलीकडेच पाहिलं होतं त्याला. मुलाशेजारी बसून सामना बघायची ही पहिलीच वेळ.

त्याने पिशवी पुढे केली. रोमनने मूठभर बिया घेतल्या.

“मग काय पाहिजे तुला?” ओरेस्टने विचारलं. सामन्याकडे बघत विचारलं, कारण पोराकडे बघून विचारलं तर पोर गप्प होईल, एवढं त्याला कळत होतं.

रोमनने दोन-चार बिया फोडल्या. मग बोलायला लागला. आधी अडखळत, मग सरळ. शिबिरात एकोणीस वर्षांचा एक पोरगा अंगावर आला आणि मी काचेवर जाऊन आपटलो, म्हणाला. बॉयड म्हणाला, छान उठलास. पण बाबा, उठणं सोपं होतं. मी पडलो, हे मला लक्षात राहिलं. माझं अंग अजून भरलेलं नाही, मला दोन-तीन वर्षं हवीत. या वर्षी शेजारच्या गावाकडून खेळतो, रात्री घरी येतो. पुढचं अजून मला माहीत नाही. कदाचित बॉयडकडेच जाईन. पण जीवशास्त्राच्या तासाला मला झोप येत नाही, हे सांगायचं होतं. बाकी सगळ्या तासांना येते.

ओरेस्टने मान हलवली.

“आणि मला सराव आवडतो,” रोमन म्हणाला. “सामन्यापेक्षा जास्त.”

“सराव?”

“हो. एकच गोष्ट पन्नासदा करायची. मागे वळून स्केट करायचं, काठीचं टोक कुठे ठेवायचं ते. कुणी बघत नसतं तेव्हा. तेव्हा मला कळतं की मी सुधारतोय. सामन्यात नाही कळत.”

ओरेस्टने रोमनचा एकही सामना चुकवला नव्हता. बर्फाच्या वादळात, ताप अंगात घेऊन, एकदा तर सख्ख्या भावाच्या लग्नातून उठून तो सामन्याला गेला होता. सरावाला मात्र तो पोराला दारात सोडायचा आणि धान्याच्या कोठारावर गप्पा मारायला जायचा. सरावात काय बघायचंय, असं त्याला वाटायचं.

“मागे वळून म्हणजे कसं?” त्याने विचारलं.

रोमन त्याच्याकडे वळला. बियांची टरफलं बाकावर ठेवून दोन्ही हात पुढे केले, एक हात म्हणजे डावा पाय, दुसरा म्हणजे उजवा, आणि वजन कधी कुठल्या पायावर टाकायचं ते दाखवायला लागला. इथे घाई केली की तोल जातो. इथे थांबायचं, समोरच्याला आधी वळू द्यायचं. बर्फावरच्या पोरांपैकी कोण हे बरोबर करतो आणि कोण चुकतो, तेही सांगत होता. त्याचे कान लाल झाले होते. इतकं बोलताना ओरेस्टने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

खाली एकदम आरडाओरड झाली, भोंगा वाजला, माणसं उभी राहिली. पुढच्या बाकावरचा मायरोन मागे वळला. धुक्यात त्याला काही दिसलं नव्हतं, आणि गावात असा रिवाजच होता, की दिसलं नाही तर ओरेस्टला विचारायचं.

“कुणी मारला रे?”

“मला नाही माहीत,” ओरेस्ट म्हणाला. “मी बघत नव्हतो.” मग तो पुन्हा मुलाच्या हातांकडे वळला. “हं. उजव्या पायावर वजन टाकलं. मग?”